तिकीट स्वस्त, म्हणून प्रवासीही स्वस्त?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

विमान ही आता मान वर करून पाहण्याची वस्तू राहिलेली नाही. खेड्यातल्या घरातूनही आज कोणी ना कोणी विमानात बसून आलेले असते. कोणाचा मुलगा सैन्यात आहे, कोणाचे लेक-जावई बंगळुरूला आहेत, कोणी कामासाठी आखाती देशात गेला आहे, कोणी हजला जाऊन आले आहे. जालन्याहून तास-दीड तासाच्या अंतरावर चिकलठाण्याचा विमानतळ आहे. आपल्या आजोबांनी ज्याला 'बड्या लोकांचे वाहन' म्हटले, त्यात आपण पिशवी घेऊन चढू लागलो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चढल्यावर आपल्याला कसे वागवले जाते आणि आपण कशाची अपेक्षा ठेवावी, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

काही मित्र म्हणतील, "आमच्या फाट्यावर एस.टी. वेळेवर येत नाही आणि हिला विमानातल्या खुर्चीची काळजी!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु मुळात हा प्रश्न विमानाचा नाहीच. कमी पैसे मोजणाऱ्या माणसाशी समाजाने कसे वागावे, हा तो प्रश्न आहे. तो एस.टी.त आहे, रेल्वेत आहे, सरकारी दवाखान्याच्या रांगेत आहे. विमानात तो जरा जास्त झगझगीत दिसतो, इतकेच.

प्रथम हे तिकीट स्वस्त कसे झाले ते पाहू. १९५३ साली देशातली विमानवाहतूक सरकारच्या ताब्यात गेली. त्या वेळचा कायदा १९९४ साली रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना मोकळी वाट मिळाली. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने कमी भाड्याचे विमान सुरू केले आणि मध्यमवर्गातला माणूस विमानात बसू लागला. पुढे सरकारने 'उडान' योजना आणली. हवाई चप्पल घालणारासुद्धा हवाई जहाजात बसला पाहिजे, असे पंतप्रधानांनी तेव्हा सांगितले. २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत आपल्या मराठवाड्याचे नांदेड–हैदराबाद हेही होते. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचे भाडे सुमारे अडीच हजार रुपयांपर्यंत बांधून दिले आणि कंपनीची तूट सरकारने भरून द्यायची, असे ठरले. हे येथे मुद्दाम सांगते. स्वस्त तिकीट म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. काही ठिकाणी त्यात जनतेचाच पैसा आहे.

जेथे सरकारी मदत नाही तेथेही स्वस्ताईमागे हिशेब आहे, दानधर्म नाही. एकाच जातीची विमाने ठेवायची म्हणजे दुरुस्ती आणि प्रशिक्षण स्वस्त पडते. उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडवायचे, कारण उभे विमान म्हणजे नुकसान. वरचा वर्ग काढून टाकून एका विमानात एकशे ऐंशीच्या आसपास खुर्च्या बसवायच्या. जेवण तिकिटातून काढायचे आणि विकायचे. पसंतीच्या बऱ्याच जागांचे वेगळे पैसे, पंधरा किलोंच्या वर सामान गेले की त्याचे वेगळे पैसे. असे थेंबे थेंबे करून भाडे खाली येते.

या हिशेबाविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्यांनी थाट मांडला त्यांचे काय झाले तेही आपल्यासमोर आहे. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली, जेट एअरवेजची २०१९ साली. गरम जेवण, गुबगुबीत खुर्ची आणि हसतमुख स्वागत देऊन कंपनीच बुडाली, तर त्या जेवणाचा उपयोग काय? शिवाय भाडे वाढले तर सर्वांत आधी आमच्यासारखेच खाली उतरतील. म्हणून स्वस्त विमान हवेच, आणि स्वस्त विमानात चैन मिळणार नाही हे मान्य करूनच मी पुढे बोलते.

परंतु चैन आणि मान यांत फरक आहे. जेवण, मोठी खुर्ची, खिडकीची जागा या आरामाच्या वस्तू आहेत. त्या विकता येतात, ज्याला परवडेल तो घेईल. पिण्याचे पाणी, उशीर झाला तर त्याचे खरे कारण, समजेल अशा भाषेत माहिती, म्हाताऱ्या माणसाला आधार, आणि माणसासारखे बोलणे या मानाच्या गोष्टी आहेत. त्यांची किंमत तिकिटावर छापलेली नसते, कारण त्या विकाऊ नसतात. घोटाळा होतो तो येथे. आरामाला कात्री लावता लावता ती कधी मानाला लागते हे कंपनीलाही कळत नाही, आणि आपण तर "स्वस्तात आलो ना, मग चालायचेच" म्हणून स्वतःच मान खाली घालतो.

या बाबतीत आपली एस.टी. पाहण्यासारखी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ती सर्वांची आहे. १७ मार्च २०२३ पासून आम्हा मुलींना आणि बायांना तिच्यात अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. मी अर्ध्या तिकिटावर कॉलेजला येते, पण अर्धे तिकीट घेतले म्हणून मला अर्धी सीट मिळत नाही. फुकट बसलेल्या आजोबांना कोणी मागच्या चाकावर टांगत नाही. उलट तेच आजोबा खिडकीशी बसून कंडक्टरला ठणकावतात, "मास्तर, गाडी फाट्यावर उभी करा बरं का!" गाडी खिळखिळी असेल, काच लागत नसेल, पण प्रवासी म्हणून आपला हक्क काय हे त्या आजोबांना ठाऊक असते. तेच आजोबा विमानात बसले की पाय आखडून, हात मांडीवर ठेवून गप्प होतात. का बरे? विमान एस.टी.पेक्षा भारी म्हणून नव्हे. तिथली भाषा, तिथला झगमगाट आणि तिथली शिस्त त्यांना सतत सांगत असते की तुम्ही येथे पाहुणे आहात. वास्तविक तेथे त्यांनी अर्धे नव्हे, पूर्ण तिकीट काढलेले असते.

इंग्रजीत या साध्या वर्गाला गंमतीने 'कॅटल क्लास' म्हणतात, म्हणजे गुराढोरांचा वर्ग. २००९ साली तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी हा शब्द वापरला आणि मोठा गदारोळ झाला. शब्द त्यांनी जन्माला घातलेला नव्हता, तो आधीपासूनच रूढ होता. मला त्या शब्दाचा राग वेगळ्याच कारणासाठी येतो. आमच्याकडे बैल बाजारात न्यायचा असला तर टेम्पोत चढवण्याआधी त्याला पाणी दाखवतात, खाली वैरण टाकतात, घसरू नये म्हणून जागा पाहतात. शब्द काढणाऱ्याने गुरे वागवणारा शेतकरी पाहिलेला नसावा.

खुर्चीचेच पाहा. स्वस्त विमानात एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण २८ ते ३१ इंच असते. तासाभराचा प्रवास असेल तर माणूस दात-ओठ खाऊन बसतो. बारा-चौदा तासांच्या परदेशी प्रवासात बहुधा जेवण येते, उशी येते, माणसे मधल्या वाटेत फिरतात. खरी कुचंबणा होते ती दोन ते चार तासांच्या प्रवासात. मुंबई–दिल्ली, मुंबई–गुवाहाटी, मुंबई–दुबई अशा या प्रवासात 'एवढ्याशा वेळाला काय लागते?' असे कंपनी म्हणते आणि प्रवाशाचे गुडघे मात्र दुसरेच काही सांगत असतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कंपनी प्रवास मोजते तो विमान हलल्यापासून विमान थांबेपर्यंत. आपण मोजतो तो गावच्या फाट्यापासून. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातल्या माणसाला मुंबईहून विमान धरायचे तर आधी एस.टी.ने जालना, मग रात्रभराची रेल्वे, मग लोकल किंवा रिक्षा, मग विमानतळावर दोन तास आधी हजेरी. तीन तासांच्या उड्डाणाला पोहोचेस्तोवर त्याच्या अंगावर पंधरा-सोळा तासांचा शीण चढलेला असतो. डब्यातली भाकरी संपलेली असते. वंदे भारत गाडी ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून सुरू झाली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली, त्यामुळे थोडी सोय झाली. पण ते भाडे प्रत्येकाला झेपते असे नाही. तेव्हा शहरात राहणाऱ्याला जो 'छोटा प्रवास' वाटतो, तो आपल्याला मोठाच असतो. सेवेची अपेक्षा करताना ही मोजपट्टी धरली पाहिजे.

मी स्वतः एकदाच विमानात बसले आहे. थोरला भाऊ सैन्यात आहे, त्याची नेमणूक आसामात होती. त्याने माझे आणि मायचे मुंबई–गुवाहाटी तिकीट काढून पाठवले. विमान साडेतीन तास उशिरा निघाले. उशीर का, किती, हे फलकावर इंग्रजीत बदलत होते. मायला अक्षरओळख नाही, आणि वाचता येणाऱ्यालाही फलकावरून कारण कळत नव्हते. काही प्रवासी काउंटरवर जाऊन इंग्रजीत भांडले, त्यांच्या हातात खाण्याची कुपने आली. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलेल्या आमच्यासारख्या दहा-वीस जणांना कुपन नावाची वस्तू आहे हेसुद्धा कोणी सांगितले नाही. विमानात बसल्यावर माय माझ्या कानाशी म्हणाली, "पाणी मागावं का गं? का त्याचे बी पैसे पडतील?" मी मागितले, त्या बाईंनी लगेच दिले, पैसे पडले नाहीत. परंतु रोज उन्हात कापूस वेचणाऱ्या आणि कोणापुढे न दबणाऱ्या माझ्या मायला घोटभर पाण्यासाठी आधी परवानगीचा विचार करावा लागला, हे मला विसरता येत नाही.

घरी आल्यावर मी नियम शोधून वाचले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे यावर २०१० पासून स्पष्ट नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास उशीर होणार असेल, तर प्रवाशांना खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत. वेळेत न कळवता विमान रद्द केले तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत भरपाईची मर्यादा ठरवलेली आहे. कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे असेल तर तिला सूट आहे. नियम वाईट नाहीत. परंतु जो नियम इंग्रजीत लिहिला आणि संगणकात ठेवला, तो मायच्या दृष्टीने लिहिलाच नाही. हक्क सर्वांना आणि लाभ मात्र भांडता येणाऱ्याला, हे कुठल्या न्यायात बसते?

आणि हे एका प्रवाशाचे रडगाणे नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवावे लागले. तासन्‌तास खोळंबलेले प्रवासी शेवटी धावपट्टीजवळच्या मोकळ्या जागेत जमिनीवर बसून जेवले. ते दृश्य देशभर पाहिले गेले आणि कंपनीला एक कोटी वीस लाखांचा दंड झाला. पुढच्याच महिन्यात मुंबई विमानतळावर चाकाची खुर्ची न मिळाल्याने चालत निघालेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ कोसळले आणि वारले. त्या प्रकरणी एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला. डिसेंबर २०२५ मध्ये तर कहरच झाला. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून नवे नियम आले, त्यांसाठी इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि एका दिवसात हजारांहून अधिक विमाने रद्द झाली. देशातले साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी ज्या एका कंपनीच्या विमानांतून जातात, तिचे चाक रुतले की लोकांना दुसरी वाट राहत नाही. इतर विमानांची भाडी आभाळाला भिडली, तेव्हा सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. या तिन्ही वेळी तक्रार गरम जेवणाची किंवा मऊ खुर्चीची नव्हती. माणसांना जमिनीवर बसवले, चालवले, ताटकळत ठेवले, याची होती.

"मग वर्ग असणारच, पैशाप्रमाणे सोय असणारच," असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या एका माणसाने देऊन ठेवले आहे. १९१७ साली गांधीजींनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातले हाल पत्र लिहून जगापुढे मांडले. तिसरा वर्ग हे नाव जायला १९७४ साल उजाडले. नाव गेले तरी दुसऱ्या वर्गातले लाकडी बाक तसेच राहिले. १९७७ साली नगरचे सुपुत्र आणि राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर दोन इंच फोमची गादी घालण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गविरहित गाडी म्हणून धावू लागली. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे, अशी त्यांची भूमिका होती. दोन इंच फोमने रेल्वे बुडाली नाही. आज शयनयानाच्या डब्यात आपण पाठ टेकतो, तेव्हा त्या दोन इंचांवर टेकतो. साध्या वर्गासाठी किमान काय असावे हे बाजाराने नव्हे, समाजाने ठरवायचे असते, हा त्या गादीचा अर्थ आहे.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेवा म्हणजे चाकरी नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये इस्तंबूलहून दिल्लीला येणाऱ्या विमानात जेवणावरून वाद झाला, तेव्हा तिथल्या कर्मचारी मुलीने प्रवाशाला सुनावले की मी कंपनीची नोकर आहे, तुमची नाही. पुष्कळांना ते उद्धट वाटले, मला त्यात तथ्य वाटले. ट्रे घेऊन अरुंद वाटेतून फिरणारी ती मुलगीही कुणाच्या घरातली पहिली कमावती असेल. विमानाची चाके टेकताच उभे राहणे, घंटी वाजवून हुकूम सोडणे, उशिराचा राग तिच्यावर काढणे, ही आपली अपेक्षा नव्हे, आपली सवय आहे आणि ती सोडली पाहिजे. उशीर तिने केलेला नसतो. आपल्याला मान हवा असेल तर तो दोन्ही बाजूंनी वाहिला पाहिजे.

मग अपेक्षा तरी कोणत्या ठेवाव्यात? माझ्या मते चार. पहिली, महाराष्ट्रातून सुटणाऱ्या विमानाची माहिती मराठीत मिळावी आणि ती तोंडी मिळावी. सुरेश प्रभू विमान वाहतूक मंत्री असताना २०१८ च्या डिसेंबरात विमानतळांवर आधी स्थानिक भाषेत घोषणा व्हाव्यात असा आदेश निघाला होता. पण शांततेच्या नावाखाली काही मोठ्या विमानतळांवर घोषणाच बंद आहेत. वाचता येणाऱ्याला ती शांतता आहे, न वाचणाऱ्याला तो अंधार आहे. दुसरी, उशीर आणि रद्द होण्याचे नियम सोप्या मराठीत तिकिटाबरोबर यावेत आणि विमानतळावर मोठ्या अक्षरांत लागावेत. कुपन मागणाऱ्याला नव्हे, पात्र असणाऱ्या प्रत्येकाला जागेवर मिळावे. तिसरी, दोन खुर्च्यांमधल्या अंतराला आरामाच्या दृष्टीने खालची एक मर्यादा ठरवावी, म्हणजे इंचाइंचाची स्पर्धा माणसाच्या गुडघ्यावर थांबणार नाही. चौथी अपेक्षा आपल्याच कडून आहे, आपण विचारायला शिकावे. मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत, पण सरळ मान करून विचारावे. आपल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. त्यांत बँकेची स्लिप भरायला शिकवतो, तसे प्रवाशाचे हक्कही गावात सांगता येतील. एका कागदावर मावतील एवढेच ते आहेत.

आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. कॉलेजच्या पायऱ्या चढताना आपल्याला वाटले होते की येथे आपण कोणाच्या तरी कृपेने आलो. हळूहळू कळले की फी कमी असली तरी वर्गातला बाक आपलाच आहे, प्रश्न विचारण्याचा अधिकार आपलाच आहे. विमानातही हेच खरे आहे. सवलतीत मिळालेली जागा ही पूर्ण जागाच असते. तिच्यावर बसणाऱ्याने संकोचाने अंग चोरून बसू नये, आणि बसवणाऱ्याने त्याला तसे वाटू देऊ नये.